नावाची पाटी आणि तीस फूट फिल्म

‘कासाब्लांका’ (१९४२) मध्ये पोलीस अधिकारी कॅप्टन रेनॉ नायक रिकचा कॅफे बंद करायचा हुकूम सोडतो. कारण काय, तर इथे जुगार चालतो हे कळून त्याला म्हणे धक्का बसलाय. तेवढ्यात रूलेटच्या टेबलावरचा माणूस पुढे येतो आणि रेनॉने त्याच रात्री जिंकलेले पैसे अदबीने त्याच्या हातात ठेवतो. हा प्रसंग लोकांना पाठ आहे. त्याची सगळी गंमत पैसे आणून देणाऱ्याच्या निर्विकार चेहऱ्यावर उभी आहे. तो चेहरा मार्सेल दालियोचा. जेमतेम तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा नट फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वारच्या ‘ला ग्रांद इल्युजन’ (१९३७) आणि ‘ला रेग्ल द्यू जू’ (१९३९) या चित्रपटांत प्रमुख भूमिका करत होता. पुढे नाझींमुळे त्याला फ्रान्स सोडावं लागलं. ‘कासाब्लांका’च्या श्रेयनामावलीत त्याचं नावच नाही.

त्याच टेबलावर आणखी एक प्रसंग घडतो. बल्गेरियाहून पळून आलेलं एक तरुण जोडपं व्हिसासाठी पैसे जमवतंय आणि नवरा हरत चाललाय. रिक त्याला २२ आकड्यावर लाव म्हणतो, टेबलावरच्या एमिलला, म्हणजे दालियोला, डोळ्यांनी खुणावतो आणि २२ आकडा दोनदा येतो. या प्रसंगातल्या बायकोचं, म्हणजे जॉय पेजचं नाव पाटीवर, म्हणजे पडद्यावरच्या श्रेयनामावलीत आहे. नवरा झालेल्या हेल्मुट डँटाइनचं नाही आणि चाक फिरवणाऱ्या दालियोचंही नाही. जॉय पेज ही स्टुडिओचे प्रमुख जॅक वॉर्नर यांची सावत्र मुलगी. तिने काम चोखच केलं आहे, तिच्या नावाला हरकत घ्यायचं कारण नाही. हरकत आहे ती एकाच टेबलाभोवतीच्या तिघांपैकी एकालाच नाव मिळावं याला.

चित्रपटाच्या सुरुवातीला एकूण १४ कलाकारांची नावं येतात. त्यांपैकी अमेरिकेत जन्मलेले तिघेच: हम्फ्री बोगार्ट, डूली विल्सन आणि जॉय पेज. निर्वासितांच्या या गोष्टीत निम्म्याहून अधिक माणसं युरोपातून आलेली, आणि त्यांतली बरीचशी स्वतःच निर्वासित होती. पण खरे निर्वासित आणखी खालच्या थरात दिसतात. अमेरिकेला निघालेलं ते म्हातारं जोडपं आठवा, एकमेकांना मोडक्या इंग्रजीत किती वाजले विचारणारं. ते लुडविग श्टॉसेल आणि इल्का ग्र्युनिंग. ग्र्युनिंग बाईंनी बर्लिनमध्ये अभिनयाची नामांकित शाळा चालवली होती. त्या दृश्यानंतर चित्रपटाचा सूरच बदलतो, तरी त्या दोघांपैकी एकाचंही नाव पाटीवर नाही.

जुन्या चित्रपटांमधल्या छोट्या भूमिकांना नाव न देणं ही त्या काळाची रीत होती, असं सांगून हा विषय नेहमी मिटवला जातो. रीत होती हे खरंच आहे. पण कुठलीही रीत आपोआप पडत नाही, कुणाच्या तरी सोयीसाठी पाडली जाते. ती कुणाच्या सोयीची होती हे पाहिलं, तर आज या कलाकारांचं काय देणं लागतो तेही ठरवता येतं. माझं म्हणणं सरळ आहे: ज्याच्या तोंडी एक तरी वाक्य आहे, किंवा ज्याच्या एकट्याच्या कृतीवर प्रसंग उभा आहे, त्याचं नाव हे देणं आहे. जुन्या चित्रपटांच्या नव्या प्रती निघताना ते फेडता येण्यासारखं आहे आणि फेडायला हवं.

सगळ्यात आधी खर्चाचं कारण तपासू, कारण ते पटण्यासारखं वाटतं. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते आणि एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. दहा-बारा नावांची एक पाटी वाचायला दहा सेकंद पुरतात. वीस-बावीस जास्तीची नावं द्यायची तर दोन पाट्या, वीस सेकंद, तीस फूट फिल्म. चित्रपटाच्या ३०० प्रती काढल्या तर ही तीस फुटं होतात ९००० फूट, आणि ९००० फूट म्हणजे १०० मिनिटांच्या चित्रपटाची बरोबर एक प्रत. तीनशे प्रतींमागे एका प्रतीचा खर्च, एवढ्यावर ही सगळी माणसं अडून राहिली, असं आपण मानायचं का?

अडचण नव्हतीच असं मात्र म्हणता येणार नाही. पाट्यांची अक्षरं चित्रकार हाताने काढत. काळ्या पुठ्ठ्यावर किंवा काचेवर पांढऱ्या रंगाने नावं रंगवायची, मग टायटलच्या कॅमेऱ्याखाली एकेक पाटी चित्रित करायची आणि एकीतून दुसरी उमटण्यासाठी ऑप्टिकल प्रिंटरवर काम करायचं. हे सगळं अनेकदा अखेरचं संकलन व्हायच्या आधीच मार्गी लागलेलं असे. नंतर एखादा प्रसंग कापला गेला तर त्यातल्या नटाच्या नावाची अख्खी पाटी पुन्हा रंगवा, पुन्हा चित्रित करा. मग नकोच ती कटकट, म्हणून कापला जाण्याची शक्यता नसलेल्या दहा-पंधरा जणांचीच नावं घ्यायची, हा सोपा मार्ग होता. जी नावं घेतली तीही नेहमी नीट तपासली जात नसत. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) ची नामावली फार हौसेने, कोण कुठल्या घरातलं अशा क्रमाने मांडलेली आहे. तरीही टार्लटन जुळ्या भावांच्या भूमिका तिथे उलटसुलट झाल्या आहेत. जॉर्ज रीव्हजने स्टुअर्ट केला, पाटी म्हणते ब्रेंट; फ्रेड क्रेनने ब्रेंट केला, पाटी म्हणते स्टुअर्ट. आणि हे दोघं तर चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात आहेत.

पण मनात आलं की जागा निघत असे. युनिव्हर्सलच्या १९३० च्या दशकातल्या चित्रपटांत शेवटी कलाकारांची यादी पुन्हा दाखवली जाई, आणि चांगला नटसंच पुन्हा सांगण्यासारखा असतो अशा अर्थाची ओळ वर असे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१) मध्ये तर याचा खेळच केलाय. सुरुवातीला राक्षसाच्या नावापुढे नुसतं प्रश्नचिन्ह आणि शेवटच्या यादीत बोरिस कार्लोफ. ‘सिटिझन केन’ (१९४१) ने मर्क्युरी थिएटर या नाटकमंडळीच्या नटांना शेवटी एकेक करून चित्रासह समोर आणलं आणि हे लोक चित्रपटांत नवे आहेत, त्यांची ओळख करून देताना अभिमान वाटतो असं लिहिलं. दिग्दर्शक आणि नायक ऑर्सन वेल्सने स्वतःचं नाव भूमिकांच्या यादीत सगळ्यात खाली ठेवलं. नटसंचाला मान कसा द्यावा याचा हा आजही उत्तम नमुना आहे, आणि तरी त्याच चित्रपटात वार्ताहरांच्या घोळक्यात उभा असलेला, पुढे तारा झालेला ॲलन लॅड विनानावाचाच राहिला. ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ (१९५६) मध्ये ठिकठिकाणी क्षणभर चमकून जाणारे प्रसिद्ध तारे होते, तेव्हा त्यांच्या नावांसाठी शीर्षकं रचणाऱ्या सॉल बासकडून सहा मिनिटांच्या वर चालणारी चित्रमालिका करून घेतली गेली. सहा मिनिटं म्हणजे ५४० फूट. फिल्म महाग होती हे कारण या चित्रपटाला आठवलं नाही.

नाव न देण्यामागचं खरं गणित सुरुवातीपासून घासाघिशीचं आहे. बायोग्राफ कंपनी १९१३ पर्यंत आपल्या नटांची नावं जाहीर करत नसे. फ्लॉरेन्स लॉरेन्स प्रेक्षकांना ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणूनच माहीत होती. १९१० मध्ये निर्माता कार्ल लेम्लेने तिला आपल्याकडे ओढलं आणि तिचं नाव गाजवलं, तेव्हा नावाला बाजारात किंमत असते हे सगळ्यांच्या लक्षात आलं. नाव प्रेक्षकांना कळलं की नट उद्या जास्त पैसे मागणार. मोठ्या ताऱ्यांच्या बाबतीत हा धोका पत्करणं फायद्याचं होतं, कारण नावावर तिकिटं खपत. छोट्या भूमिकेच्या नावावर काही खपत नाही, मग ते नाव देऊन मागणी वाढवून कशाला घ्या, असा हा हिशोब.

मेल ब्लँकचं उदाहरण या हिशोबाची दुसरी बाजू दाखवतं. वॉर्नरच्या व्यंगचित्रपटांत बग्ज बनी आणि डॅफी डकचा आवाज देणाऱ्या या माणसाने पगारवाढ मागितली. ती मिळाली नाही, त्याऐवजी १९४० च्या दशकात पाटीवर नाव मिळालं. नावाचा त्याला पुढे फार उपयोग झाला. पण परिणाम असा की त्या पाट्यांवर आवाजाचं श्रेय वर्षानुवर्षं एकट्या ब्लँकला राहिलं. त्याच व्यंगचित्रपटांत एल्मर फडचा आवाज देणारे आर्थर क्यू. ब्रायन किंवा बाईमाणसांचे आवाज देणाऱ्या बी बेनाडरेट यांचं नाव येत नसे, आणि सगळे आवाज एकाच माणसाचे असा समज पक्का झाला. पगाराऐवजी एकाला नाव मिळालं, बाकीचे पुसले गेले. वर तारे मात्र नावासाठी इंचाइंचाने भांडत. ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ (१९७४) साठी स्टीव्ह मॅकक्वीनचं नाव डावीकडे पण खाली आणि पॉल न्यूमनचं उजवीकडे पण वर, असा तोडगा काढावा लागला. म्हणजे नावाच्या जागेचा एवढा बारीक विचार करणारी माणसं आणि वेळ, दोन्ही या व्यवसायाकडे होतं.

पैशांच्या बाजूने पाहिलं की नावाचं मोल आणखी स्पष्ट होतं. स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड ही नटांची संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली आणि १९३७ मध्ये तिचा स्टुडिओंशी पहिला करार झाला. त्यात नटाला दिवसाला किमान २५ डॉलर, स्टंट करणाऱ्याला ३५ आणि एक्स्ट्राला साडेपाच डॉलर ठरले. कमीत कमी किती द्यायचं ते ठरलं, पण एका दिवसाच्या कामासाठी आलेल्या नटाचं नाव पाटीवर आलंच पाहिजे अशी सक्ती झाली नाही. त्याच वर्षी ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीने नटांची छायाचित्रं आणि ठावठिकाणा देणारी ‘प्लेअर्स डिरेक्टरी’ सुरू केली. काम शोधणाऱ्या नटाला ओळख हेच भांडवल आहे, हे यावरून कळतं. पुढे चित्रपट टीव्हीवर दाखवले जाऊ लागले. त्याचा वाटा मिळावा म्हणून १९६० मध्ये गिल्डने संप केला. तडजोड अशी झाली की १९६० पासूनच्या चित्रपटांवर नटांना पुनःप्रक्षेपणाचे पैसे मिळतील. त्याआधीच्या चित्रपटांपोटी निवृत्तिवेतन आणि आरोग्याच्या निधीत एकरकमी २२.५ लाख डॉलर दिले जातील. त्यामुळे आपण ज्यांना अभिजात म्हणतो त्यातल्या बहुतेक हॉलिवूड चित्रपटांतल्या छोट्या नटाला त्या कामाचे पैसे एकदाच मिळाले. चित्रपट मात्र आजवर विकला जातोय. या माणसांना देण्यासारखं आता एक नावच उरलंय. आणि तेवढंही आपण द्यायचं नाही?

नाव कुणाला मिळालं नाही याची यादी पाहिली तर ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. बटरफ्लाय मॅक्क्वीनने ‘गॉन विथ द विंड’मध्ये प्रिसी केली, तिथे तिचं नाव आहे. सहा वर्षांनी ‘मिल्ड्रेड पियर्स’ (१९४५) मध्ये ती लॉटी झाली. घरातली मोलकरीण, पुष्कळ प्रसंग, भरपूर संवाद, प्रेक्षकांना हसवण्याची जबाबदारी तिच्यावर. नाव नाही. ‘कासाब्लांका’ आणि ‘मिल्ड्रेड पियर्स’ एकाच दिग्दर्शकाचे, मायकेल कर्टिझचे, एकाच स्टुडिओचे. एकात परक्या उच्चारांची माणसं नामावलीच्या कडेवरून गळाली, दुसऱ्यात काळी स्त्री. कुणी बसून ठरवून केलं असेलच असं नाही. दहा-बारा नावांनंतर रेघ ओढायची ठरली की रेघेखाली कोण जाणार हे त्या समाजाने आधीच ठरवलेलं असतं.

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधलं प्रकरण मला सगळ्यात जास्त बोचतं, कारण तिथे श्रेय दिलेलं आहे. मंचकिन झालेल्या सव्वाशेच्या आसपास ठेंगण्या कलाकारांसाठी नामावलीत एकच ओळ आहे आणि तिच्यात लिओ सिंगरच्या मंडळीचं नाव आहे. सिंगर हा त्यांना पुरवणारा ठेकेदार. बरेच कलाकार तर त्याच्या कायमच्या मंडळीतलेही नव्हते; देशभरातून गोळा केले होते. म्हणजे पाटीवर नाव आलं ते माणसं पुरवणाऱ्याचं, आणि त्यांच्यासाठी जो शब्द वापरला तो त्यांच्या उंचीवरून हिणवणारा, जो आज ही माणसं अपमान मानतात. गाणं म्हणणारे तिघं, स्वागत करणारा महापौर, चेटकिणीच्या मृत्यूचा दाखला वाचणारा अधिकारी, असे कितीतरी जण वेगवेगळी, ओळखू येणारी कामं करतात. हॉलिवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर २००७ मध्ये त्यांना तारा मिळाला तोही सगळ्यांना मिळून एकच. त्या गाणाऱ्या तिघांपैकी मधला जेरी मॅरेन २०१८ मध्ये वारला.

आवाजाच्या बाबतीत तर लपवणं हाच धंद्याचा भाग होता. ‘स्नो व्हाइट’ (१९३७) मध्ये आवाज देणाऱ्या एकाही कलाकाराचं नाव नाही; नायिकेचा आवाज आद्रियाना कॅसेलॉटीचा, हे पाटीवरून कुणाला कळलंच नसतं. मार्नी निक्सन ‘द किंग अँड आय’ (१९५६) मध्ये डेबोरा करसाठी, ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) मध्ये नॅटली वूडसाठी आणि ‘माय फेअर लेडी’ (१९६४) मध्ये ऑड्री हेपबर्नसाठी गायली. तिन्ही पाट्यांवर ती नाही. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या रेकॉर्डच्या उत्पन्नात तिला वाटा मिळेना, तेव्हा संगीतकार लिओनर्ड बर्नस्टाइनने स्वतःच्या हिश्श्यातला पाव टक्का तिला दिला. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) ची गोष्टच मुळी पडद्यामागून दुसरीसाठी गाणाऱ्या मुलीची. शेवटी पडदा बाजूला सारून तिला लोकांसमोर आणलं जातं. ती मुलगी झालेल्या डेबी रेनल्ड्सच्या काही गाण्याला खरा आवाज बेटी नॉइसचा, आणि तिचं नाव नाही. आपल्याकडे ‘महल’ (१९४९) च्या ‘आएगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. रेडिओच्या श्रोत्यांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. ऐकणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं, हे यातलं महत्त्वाचं. ‘दि एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) मध्ये सैतानाचा आवाज देणाऱ्या मर्सिडीज मॅककेंब्रिजलाही पहिल्या प्रतींत नाव नव्हतं. तिने भांडून ते घेतलं आणि नंतरच्या प्रतींत पाटी बदलली. जगाचं काही बिघडलं नाही.

आजचा नियम काय आहे? गिल्डच्या करारानुसार चित्रपटाच्या शेवटी निदान एका पाटीवर कलाकार आणि भूमिका द्याव्या लागतात, सगळी नावं सारख्या आकारात. पन्नास किंवा त्याहून कमी कलाकार असतील तर सगळ्यांची नावं. जास्त असतील तर निदान पन्नास, आणि कुठले पन्नास ते निर्माता ठरवणार. गर्दीतले एक्स्ट्रा या हिशोबात धरलेले नाहीत. हा नियम १९४२ मध्ये असता तर दालियो, डँटाइन, ग्र्युनिंग वाचले असते की नाही हे निर्मात्याच्या मर्जीवर राहिलं असतं, कारण ‘कासाब्लांका’तले बोलणारे कलाकार मोजायला बसलं तर पन्नासची रेघ जवळच येते. नियम चांगला आहे, तरी त्यातही रेघेखाली कोण जाणार हा जुना प्रश्न शिल्लक आहेच. निवड मर्जीवर न सोडता संवाद असलेल्यांना आधी घ्या एवढं वाक्य त्यात घातलं, तरी पुष्कळ काम होईल.

‘मग गर्दीतल्या प्रत्येकाचं नाव लिहायचं का?’ हा आक्षेप हमखास येतो. नाही. ‘गांधी’ (१९८२) च्या अंत्ययात्रेच्या दृश्यात सुमारे तीन लाख माणसं होती. त्यांतली बहुतेक स्वेच्छेने आलेली. तिथे नावांची यादी शक्यही नाही आणि तिला अर्थही नाही. तिथे आकडा आणि माणसं कुठून आली हे सांगणं पुरे. मी ओढलेली रेघ अशी: बोललेलं वाक्य, एकट्याच्या कृतीवर उभा राहिलेला प्रसंग, गाणं, नाच, स्टंट असं अंगचं कसब, आणि आवाज. यातलं एक जरी असलं तरी नाव. ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) मध्ये तात्सुया नाकादाई काही सेकंद रस्त्याने चालत जातो, बोलत नाही, कुणी लक्ष देत नाही. तो माझ्या रेघेबाहेर राहतो, आणि पुढे तो केवढा नट झाला म्हणून त्याच्यासाठी रेघ हलवू नये. आज त्याचंच नाव सगळे सांगतात आणि त्याच्या शेजारून चाललेल्यांचं कुणी विचारतही नाही, हाही अन्यायच.

‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५) सारख्या चित्रपटात समूह हाच नायक असतो, तिथे नावं कशाला, असंही म्हणतात. समूह नायक असला तरी ओडेसाच्या पायऱ्यांवर किंचाळणारा चेहरा एका माणसाचाच असतो.

आता करायचं काय. जुन्या पाट्यांना हात लावायचा नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची आचारसंहिता सांगते की जतन करताना मूळ कृतीचं स्वरूप आणि कर्त्यांचा हेतू बदलू नये. मूळ नामावली हाही इतिहासाचा पुरावा आहे. कोणाला वगळलं होतं हे तिच्यातूनच कळतं. म्हणून जास्तीची पाटी मूळ चित्रपट पूर्ण संपल्यावर, ‘समाप्त’नंतर यावी. अक्षरं मुद्दाम वेगळ्या वळणाची, वर स्पष्ट लिहिलेलं की ही नावं मूळ प्रतीत नव्हती, आणि खाली जोडल्याचं वर्ष. डिजिटल प्रतीत हे फार सोपं आहे. चित्रपटगृहाला पाठवायच्या डीसीपीमध्ये, म्हणजे डिजिटल फाइलींच्या संचात, चित्रं, आवाज आणि ते कुठल्या क्रमाने चालवायचे याची यादी वेगवेगळी असते. शेवटी वीस सेकंदांचा, म्हणजे ४८० चौकटींचा एक वेगळा तुकडा जोडायचा आणि यादीत त्याची नोंद करायची. मूळ चित्राच्या फाइलला धक्काही लागत नाही. ज्याला नको असेल तो तुकडा न जोडता दाखवू शकतो. आणि एक गोष्ट विसरू नये: नव्याने दुरुस्त केलेल्या बहुतेक प्रतींच्या सुरुवातीला कुणी दुरुस्त केलं, कुठल्या प्रयोगशाळेत, कुणाच्या देणगीतून, याच्या पाट्या आधीच जोडलेल्या असतात. देणगीदाराच्या नावाने मूळ कृती बिघडत नसेल तर नटाच्या नावाने कशी बिघडेल?

यापेक्षा अवघड काम नावं खात्रीने शोधण्याचं. इंटरनेटवरच्या याद्यांत ‘श्रेय नाही’ अशी नोंद असलेली शेकडो नावं सापडतात, त्यांतली पुष्कळ बरोबर असतात, पण एकाने लिहिलं म्हणून दहांनी उतरवलेलं असंही पुष्कळ असतं. आधार घ्यायचा तो स्टुडिओच्या कागदांचा: त्या दिवशी कुणाला बोलावलं ते कॉल शीटवर, कोण आलं आणि किती वेळ थांबलं ते रोजच्या निर्मिती अहवालात, कुणाला पैसे दिले ते पगारपत्रकावर. त्या काळी ‘कॉल ब्युरो कास्ट सर्व्हिस’च्या याद्यांत पाटीवर नसलेले नटही भूमिकेसह येत, अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा कॅटलॉग या याद्यांचा आधार घेतो. पण इथेच पहिली चूक होते. हे सगळे कागद संकलनाच्या आधीचे. माणूस आला, पैसे घेतले, आणि त्याचा प्रसंग कापला गेला, असं सर्रास घडे. म्हणून कागदावरचं नाव अंतिम प्रतीच्या संवाद-दृश्य नोंदींशी ताडून पाहायचं आणि मग प्रत्यक्ष चित्रात तो माणूस शोधायचा. चेहरा जुळवताना त्याच वर्षाच्या आसपासची, शक्यतो क्रमांक असलेली स्थिरचित्रं घ्यावीत; तरुणपणीचा फोटो आणि दाणेदार चौकट यांची जुळणी संगणकावर सोडली तर तो आत्मविश्वासाने चुकतो. नावांच्या स्पेलिंगचा घोळ वेगळाच. जर्मन उच्चारचिन्हं अमेरिकेत गळून पडली, काहींनी नावंच बदलली, काही वेळा एकाच नावाचे दोन नट असतात, आणि एकाच नटाने एका चित्रपटात दोन छोटी कामं केलेलीही सापडतात. कुटुंबीयांची आठवण हा धागा म्हणून फार मोलाचा, पुरावा म्हणून एकटा पुरेसा नाही. एकमेकांवर न विसंबणारे दोन पुरावे मिळाले तरच नाव पाटीवर जावं. बाकीची ‘संभाव्य’ म्हणून संग्रहालयाच्या नोंदीत ठेवावीत. चुकीचं नाव लावणं म्हणजे खऱ्या माणसाला दुसऱ्यांदा पुसणं.

भूमिकेचं नावही जपून द्यावं लागतं. चित्रपटात तिला लॉटी म्हणून हाक मारतात, तर पाटीवर लॉटीच हवी, ‘मोलकरीण’ नव्हे. आणि ज्याने स्वतःच नाव नको म्हटलं त्याचा शब्द राखायचा. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मध्ये डार्थ व्हेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सने आपणहून नाव लावू नका असं सांगितलं होतं. न दिलेलं नाव आणि नाकारलेलं नाव यांत फरक आहे, आणि तो बहुधा पत्रव्यवहारात सापडतो.

एवढ्या वर्षांनी हे कशाला, असं विचारणाऱ्यांना लेखकांचं उदाहरण पुरेसं आहे. ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) डाल्टन ट्रम्बोने लिहिला, तो कम्युनिस्ट ठरवून काम नाकारलेल्यांच्या काळ्या यादीत असल्याने त्याचं नाव गाळलं गेलं. अमेरिकेतल्या लेखकांच्या गिल्डने २०११ मध्ये, अठ्ठावन्न वर्षांनी, पटकथेचं श्रेय त्याला अधिकृतपणे परत दिलं. लेखकांकडे कागद तपासून निर्णय देणारी संघटना होती, म्हणून ते झालं. एका दिवसाच्या कामाला आलेल्या नटासाठी अशी कागदपत्रं घेऊन बसणारं कुणी नाही. तपासणीची ही समिती नटांच्या संघटनेने आणि संग्रहालयांनी मिळून चालवावी, आणि पुनर्मुद्रणाचा हक्क असलेल्या कंपनीने तिचा निर्णय मानावा.

‘कासाब्लांका’ची अशी पाटी केली तर तिची सुरुवात तरी आजच लिहून ठेवता येते. एमिल: मार्सेल दालियो. यान ब्रांडेल: हेल्मुट डँटाइन. श्रीयुत लॉयश्टाग: लुडविग श्टॉसेल. श्रीमती लॉयश्टाग: इल्का ग्र्युनिंग. दारावरचा अब्दुल: डॅन सेमूर. गिटार घेऊन गाणारी: कोरिना म्युरा. सहा ओळी, आठ सेकंद, बारा फूट.